पान दोनशे बारा

जूचंद्र,
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय एरॉल,

तुझं पुस्तक वाचून झालं. अकरा दिवस लागले. शाळेतून आल्यावर, भाकऱ्या टाकायच्या आधी, रोज थोडं थोडं वाचत होते. रोझलिन घेऊन आली होती. नायगाव स्टेशनवरून रिक्षा करून, या उन्हाची, भावाचं पुस्तक छातीशी धरून. माझ्या हातात देताना म्हणाली, "एका शब्दावर चारशे पानं लिवलीत गं त्यानं! आमचा एरॉल पहिल्यापासून असाच." तुझ्या बहिणीचा चेहरा इतका उजळला होता की मी फक्त अभिनंदन म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. गॅससमोर उभं राहून पहिलं पान उघडलं, आणि चहा उतू गेला तरी मला कळलं नाही.

पहिलंच वाक्य: कुलूप अरबस्तानातून आलं, चावी रोमहून आली, आणि दोघांची गाठ आमच्या दाराशी पडली. रोझलिननं पुस्तकात परीक्षणाचा कागद घडी करून ठेवला होता, त्यातही हेच वाक्य उद्धृत केलंय. लेखकाची शैली काव्यमय आहे म्हणे. एरॉल, हे वाक्य मी म्हटलं होतं. तुझ्या काकांच्या खोलीत, फादर आलोशियस यांच्या त्या लोखंडी खाटेवर बसून, तेवीस वर्षांपूर्वी. तू मोठ्यानं हसलास आणि म्हणालास, "लिहून ठेव, लिहून ठेव." मी लिहून ठेवलं. चूक तिथंच झाली.

तू प्रस्तावनेत लिहिलंयस की या अभ्यासाची कल्पना तुला वसईच्या किल्ल्यात फिरताना सुचली. मला मात्र वेगळं आठवतं. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सरांनी प्रत्येकाला एक शब्द निवडायला सांगितलं होतं. तू 'पाव' घेतला होतास, वर्गात अजून तिघांनी घेतला होता तोच. माझ्या मनात काहीच नव्हतं. घरी आले तर आई ओट्यावर मासे साफ करत बसलेली, मोरीतला नळ वाहत होता. ती ओरडली, "हंसा, चावी बंद कर गो, पानी चाललंय!" आणि मला एकदम ऐकू आलं ते. आमच्या घरात कपाटाची ती किल्ली आणि नळाची ती चावी. आईनं आयुष्यात कधी उलट म्हटलं नाही. घड्याळाला चावी द्यायची, कुणी कुणाला भांडायला फूस लावली तर म्हणायचं की यानं त्याला चावी दिली, आणि टाकीचं पाणी सोडायला यायचा तो चावीवाला. कुलूप सोडून सगळीकडे चावी. मी दुसऱ्या दिवशी सरांना म्हटलं, हा शब्द कुठून आला आणि आमच्याकडे येऊन त्यानं काय काय कामं धरली, ते मला शोधायचंय. सर म्हणाले, "लॅटिन येतं का तुला?" मला येत नव्हतं. तुझ्या काकांना येत होतं.

त्या रविवारांबद्दल मी तुझा राग धरू शकत नाही. मिस्सा आटोपली की फादर आपली वाट बघत असायचे. पॅरिशच्या पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मधोमध 'क्लाविस' लिहिलं आणि त्यातून रेघा काढल्या. इटलीत गेला तो क्याव्हे झाला, स्पेनमध्ये यावे, फ्रान्सनं त्याचं अर्धं अंगच छाटून क्ले केलं, आणि पोर्तुगालनं त्याच्या सुरुवातीच्या 'क्ल'चा 'च' केला. प्रत्येक देशानं शब्दाला आपल्या जिभेनं घासलं, फादर म्हणायचे. मग स्वतःच्या झग्याची गळपट्टी बाजूला करून गळ्याखालचं हाड दाखवायचे: याचं नाव क्लाविक्युला, छोटी चावी. पोप निवडायला कार्डिनलांना कोंडतात ती कॉन्क्लेव्ह, म्हणजे चावीनं बंद केलेली खोली. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले होते, "आज लिस्बनमध्ये कोणी 'च' म्हणत नाही बाळा, 'शाव' म्हणतात. जहाजातून आला तेव्हाचा जुना 'च' त्यांनी टाकला. तुझ्या आईनं ठेवलाय." मला इतकं भरून आलं होतं! घरी जाऊन आईला सांगितलं की आई, पोर्तुगीज विसरले ते तुझ्या तोंडात आहे. ती म्हणाली, "मंग त्यांना सांग, येऊन न्या." तू आलासच, एरॉल. नेलंस.

गावं आपण दोघांनी मिळून पालथी घातली असं तू लिहिलं असतंस तरी चाललं असतं. खरं तर तू चारदा आलास. तिसऱ्या वेळी आगाशीहून परतताना तुझी चप्पल तुटली, तेव्हापासून तुझं लक्ष उडालं. मी वर्षभर हिंडले. गोखिवऱ्यात, उमेळ्यात, आमच्याच मिठागरावरच्या बायकांत. सात वह्या भरल्या. कोणाच्या तोंडी कोणता अर्थ, वय काय, शिक्षण काय, माहेर कुठलं, सगळं. चांदीपला मात्र तू होतास माझ्याबरोबर. एसटीतून उतरून आपण बांधाबांधानं गेलो, आणि रामनाथबाबा भेटले. म्हशी सोडत होते. आपण बोलत असतानाच म्हणाले, "चावी पुढं गेली की बाकीच्या मागनं जातात." मी वहीत टिपलं: चावी, कळपात पुढं चालणारं जनावर. परतीच्या एसटीत तू माझा हात धरलास. आनंदानं धरलास की कशानं, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारायचं वय राहिलं नाही. तू सांगत होतास, बघ हंसा, उघडणारी ती चावी, वाट उघडणारी म्हणून पुढची म्हैस ती चावी, हे युरोपातल्या एकाही भाषेत झालेलं नाही! मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि तू हात सोडू नयेस एवढंच मनात होतं.

मग पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठाची ती शिष्यवृत्ती आली. सर एकाचंच नाव पाठवू शकणार होते. गुण माझे जास्त होते, विषय माझा होता, आणि सरांनी मलाच बोलावून विचारलं. हे तुला ठाऊक आहे. तुझ्या बायकोला ठाऊक आहे का, कुणास ठाऊक. आपण किल्ल्याच्या बाजूच्या जेटीवर बसलो होतो. तू म्हणालास की तुला पोर्तुगीज येतं, मला तिथं जाऊन शिकण्यात वर्ष जाईल. तू आधी गेलास तर जम बसवशील आणि वर्षभरात मला बोलावून घेशील. काम दोघांचं, नाव दोघांचं. तू लग्न हा शब्द उच्चारला नाहीस. मी तो ऐकला. दुसऱ्या दिवशी सरांना जाऊन सांगितलं की घरच्या अडचणीमुळं मला जाता येणार नाही. आणि सातही वह्या तपकिरी कागदात बांधून तुला दिल्या.

आईला काय सांगायचं हा प्रश्न होता. तिनं सगळ्या जूचंद्रला सांगून ठेवलं होतं की माझी पोरगी परदेशी शिकायला जाणार. खरं सांगितलं असतं तर ती तुझ्या घरी येऊन उभी राहिली असती. म्हणून सांगितलं की मला नाही घेतलं. ती म्हणाली, "तुला नाय घेतला? कोन तो सर? आपल्यासारख्यांना नाय घेत ते." तिला युनिव्हर्सिटीत जाऊन जाब विचारायचा होता. मी तिच्या हातापाया पडले. त्या दिवसापासून तिनं त्या माणसाचं नाव टाकलं. ज्यानं माझ्यासाठी स्वतःहून शब्द टाकला असता, त्याला ती सोळा वर्षं शिव्या देत राहिली, आणि मी ऐकत राहिले.

आणि एकदा ते दोघं समोरासमोर आले. सर वसईला एका व्याख्यानाला आले होते, तुला जाऊन आठ वर्षं झाली होती. मी आईला नेलं नव्हतं, ती आपणहून आली, इरकली लुगडं नेसून. व्याख्यान संपल्यावर गर्दीतून वाट काढत सरळ त्यांच्यापुढं गेली आणि म्हणाली, "तुमी माझ्या पोरीला काढलीत. पहिली येनारी पोर होती ती. शालेत पोरं हाकते आता." सगळे थांबले. सरांनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरे होतं त्यांना. मी तिथल्या तिथं मेले असते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "चूक झाली, बाई. माफ करा." आई रिक्षात बसली तेव्हा तिला फार समाधान झालं होतं. घरी येईपर्यंत बोलत होती, मी कसं ऐकवलं, कसा गप्प झाला. मी बाहेर बघत होते. सर दोन वर्षांनी गेले, त्यांना भेटायला जायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नाही. आई सहा वर्षांपूर्वी गेली. तिच्या पोरीला सरांनीच डावललं असं समजूनच गेली.

तुला मी पत्रं लिहिली. पहिल्या वर्षी तुझी तीन आली, दुसऱ्या वर्षी नाताळचं एक कार्ड. मी लिहितच राहिले. त्यातलं एक चार पानी होतं. तू गेल्यावर साताठ महिन्यांनी मी पुन्हा चांदीपला गेले होते, एकटीच, कारण रामनाथबाबांचं ते वाक्य एकाच माणसाकडून मिळालेलं होतं आणि सर म्हणायचे की एका माणसाचा शब्द हा पुरावा नव्हे. बाबांना विचारलं, पुढं चालणाऱ्या जनावराला तुमच्याकडे चावी म्हणतात ना? ते खोकला येईस्तोवर हसले. चावी हे त्या म्हशीचं नाव होतं, एरॉल! लहान पारडू असताना तिनं पेटीची चावी गिळली होती. घरातली सगळी माणसं दोन दिवस शेण चिवडत बसली, तेव्हा सापडली. म्हणून चावी. ती म्हैस तोवर विकली होती, आता राणी नावाची पुढं चालत होती, आणि राणीला काही कोणी चावी म्हणत नव्हतं. मला इतकं हसू आलं की बांधावर बसूनच तुला पत्र लिहायला घेतलं. वही तिसरी, पान चव्वेचाळीस, ती नोंद खोड, असं खाली दोन रेघा मारून लिहिलं. वाटलं, तूही वाचून हसशील, आणि या हसण्यावर तरी दोन ओळी पाठवशील. तू काही पाठवलं नाहीस. पुढं रोझलिनकडून कळलं की तुझं तिकडेच लग्न झालं. वर्षभरानं मीही केलं. चंद्रहास चांगला माणूस आहे. तो चर्चगेटला जातो, येतो, माझ्या कपाळावर आठी दिसली तर विचारतो. या अकरा दिवसांत त्यानं दोनदा विचारलं.

तुझ्या पुस्तकाची पहिली सहा प्रकरणं उत्तम आहेत. हे मी शिक्षिका म्हणून सांगते. रोमपासून लिस्बनपर्यंतचा प्रवास तू एकट्यानं केलास, कष्ट घेऊन केलास, ते दिसतं. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचा 'फ' लिहितात पण बोलत नाहीत, तो कसा गेला, हे तू इतकं सुरेख समजावलंयस की मी ती पानं दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना मला रडू आलं, कारण हे मीही करू शकले असते. सातवं प्रकरण वसईचं. ते मी वाचलं नाही, ओळखलं. उदाहरणांचा क्रमसुद्धा तू बदललेला नाहीस. वही पहिलीपासून सुरुवात, सातवीशी शेवट. आभाराच्या पानावर दोन विद्यापीठं, अर्काइव्हमधले लोक, तुझी बायको, आणि सर्वांत शेवटी 'वसईच्या खेड्यांतल्या अनाम स्त्रिया'. अनाम, एरॉल? परिशिष्टात माझी आई सापडली मला. माहितीदाता क्रमांक नऊ: स्त्री, वय अंदाजे पन्नास, निरक्षर. माझ्या वहीत लिहिलं होतं, शिक्षण सातवी. आई रोज पेपर वाचायची, मरणपानापासून बाजारभावापर्यंत. तिच्या हातचं निवट्यांचं कालवण तू दुसऱ्यांदा मागून घेतलं होतंस. तिचं नाव मनोरमा होतं. एवढं आठवायला वही लागत नाही.

आणि मग पान दोनशे बारा. प्रकरणाचा कळसच तो. 'चालती चावी' असं नाव दिलंयस त्या भागाला. चांदीप परिसरात चावी म्हणजे कळपाची म्होरकी, वाट उघडणारी. लॅटिन शब्दाच्या दोन हजार वर्षांच्या वाटचालीतलं सर्वांत अनपेक्षित वळण. परीक्षण लिहिणाऱ्यानं याच पानासाठी तुला डोक्यावर घेतलंय. तिथं मी पुस्तक मिटलं. वह्यांची चोरी मला पहिल्या पानावरच कळली होती, तिचा राग होता, पण राग सोसवतो. दोनशे बाराव्या पानावर मला कळलं की माझं ते चार पानी पत्र तू उघडलंसुद्धा नव्हतंस. म्हणजे त्यानंतरचीही नसतील उघडली. त्यांत काय काय होतं! आईचं आजारपण होतं. सरांपुढं घडलेलं होतं. आपल्या जेटीवर जे ठरलं त्याचं पुढं काय, असं एकदा, एकदाच, स्पष्ट विचारलं होतं. त्याचं उत्तर 'नाही' आहे असं धरून मी वीस-एकवीस वर्षं जगले. प्रश्न पोचलाच नव्हता.

दोष सगळा तुझा नाही, हेही लिहून ठेवते. वह्या मी दिल्या. सरांना खोटं मी सांगितलं, आईलाही मीच. तू फक्त मागितलंस. पण तू मागितलंस तेव्हा तुला माहीत होतं की मी देईन, आणि मला वाटत होतं की तू परत करशील. आपल्या दोघांत चूक फक्त माझी ठरली.

आता हे पत्र का, ते सांगते. अठ्ठावीस डिसेंबरला वसईत तुझा सत्कार आहे, भूमिपुत्र म्हणून. रोझलिन पुस्तकाबरोबर तेही आमंत्रण घेऊन आली होती. तुझा परिचय मी करून द्यावा असं मंडळानं ठरवलंय, कारण मी तुझ्या वर्गातली आणि आता शाळेत मराठी शिकवते. मी हो म्हटलं. एवढाच बदल करून घेतला की आधी तू बोलायचंस, आणि परिचय नंतर. रोझलिन गोंधळली, "परिचय आधी असतो ना गं?" मी म्हटलं, त्याला सगळे ओळखतात, घाई काय. तिला काहीच कळलेलं नाही, आणि तुझ्या तोंडून कळेपर्यंत कळू नये असं मला मनापासून वाटतं. तुला गाफील गाठावं, असं आठ दिवस मनात होतं. नाही करणार. हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतेय, पोचल्याची सही माझ्याकडे येईल, त्यामुळं या वेळी मिळालंच नाही म्हणायची सोय नाही. तुला चार आठवडे आहेत. तू माइकसमोर उभा राहशील तेव्हा मी तुझ्या उजव्या हाताला, तिसऱ्या खुर्चीत बसलेली असेन. मनोरमा जनार्दन म्हात्रे हे नाव तू घेतलंस, माझं घेतलंस आणि ती म्हैस मागं घेतलीस, तर मी उठून दोन चांगले शब्द बोलेन आणि खाली बसेन. नाही घेतलंस, तर तुझ्यानंतर माइक माझ्याकडे येणारच आहे.

कधीकाळी तुझीच,
हंसा